बाईंच्या घरच्या

बाई, गेल्या आठवड्यात कॉलेजच्या मराठी विभागात तुमचा फोटो लागला. तुमच्या निरोपसमारंभातला आहे. कुणाचं भाषण लांबलं की तुमचा चेहरा जसा व्हायचा तसाच त्यात आला आहे, म्हणून मला तो आवडला. तुम्ही गेलात त्याला तेरा वर्षं होऊन गेली. तुम्ही शिकवत होतात त्यांतल्या दोन वर्गांवर आता मी शिकवते. यंदापासून तुमच्या नावानं वादविवाद स्पर्धा सुरू झाली आहे, आणि पहिल्याच वर्षी तुमच्याविषयी चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलं. ते बोलून झालं. कसं झालं ते तुम्हाला सांगावं असं सारखं वाटतंय, म्हणून आज रविवारी दुपारी, पोरं आजीकडे गेल्यावर, वही घेऊन बसले आहे.

मी वळसंगहून एसटीनं सोलापूरला यायचे ते तुम्हाला आठवत असेल. घरात कन्नड, शेतात आणि बाजारात गावची मराठी, आणि पुस्तकातली मराठी फक्त पुस्तकात. पहिल्या वर्षी तुम्ही मला उभं करून धड्यातला उतारा वाचायला सांगितलात. मी 'नाही' दिसेल तिथं 'न्हाय' वाचत गेले. मला ते कळलंही नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी माझ्याच आवाजात 'न्हाय वो न्हाय' केलं आणि सगळा वर्ग हसला तेव्हा कळलं. तास संपल्यावर मी पाण्याच्या टाकीमागं जाऊन रडत होते. तुम्ही तिथं आलात. डोळे पूस वगैरे काही म्हणाला नाहीत. 'ज्वारीच्या कणसाला तुमच्या घरी काय म्हणतात गं?' असं विचारलंत. मी म्हटलं, 'तेनी.' तुम्ही तो शब्द दोनदा पुटपुटलात आणि निघून गेलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही फळ्यावर तो शब्द लिहिलात, वर्गाला सांगितलंत की हा शब्द मला काल मिळाला, आणि तो ज्यांच्याकडून मिळाला त्यांना ज्वारी आपल्यापेक्षा जास्त कळते. त्यानंतर वर्गात मला कुणी हसलं असेल तर ते मला ऐकू येणार नाही असं हसलं.

मग मी तुमच्याकडे यायला लागले. शुक्रवार पेठेतलं ते वरच्या मजल्यावरचं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. जिना इतका अरुंद की वरून कुणी येत असेल तर खाली थांबायला लागायचं. घरात तुम्ही आणि ताई. ताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची आणि मी ताई. दोघींचा पगार काही मोठा नाही, म्हणून भाडं वाटून एकत्र राहता, असं मी धरून चालले होते. गल्लीनंही तसंच धरलं होतं की धरल्यासारखं केलं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. सोमवारी तुम्ही तळ्यातल्या देवळाला जाऊन आल्याशिवाय चहा घेत नसा. ताई डब्यात बेलाची पानं निवडून ठेवत, आणि तुम्ही परत आलात की न विचारता चहाचं आधण ठेवत. हे सगळं मी वर्षभर बघत होते. बघत होते म्हणजे नजरेखालून जात होतं.

दुसऱ्या वर्षाला असताना दिल्लीच्या कोर्टाचा तो निकाल आला. पुरुषानं पुरुषावर, बाईनं बाईवर प्रेम केलं तर तो गुन्हा नाही, असा. पेपरांत रोज त्यावर काहीतरी छापून यायचं आणि कँटीनमध्ये रोज त्यावर हशा व्हायचा. त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला विषय ठेवला होता, 'समाजानं कायद्याचं ऐकावं की धर्माचं?' मला बाजू निवडायला लागलीच नाही. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, रोजची पूजा केल्याशिवाय तोंडात घास नाही, अशा घरातली मी. तुम्हीही माझी बाजू बदलायचा प्रयत्न केला नाहीत. एवढंच म्हणालात, 'आधी समोरच्याचं म्हणणं लिहून आण. असं लिही की तो वाचून म्हणाला पाहिजे, हो, मला हेच म्हणायचं होतं.' ते लिहायला मला तीन आठवडे लागले. तीनदा तुम्ही ते परत केलंत. 'हा तू रंगवलेला माणूस आहे,' तुम्ही म्हणायचात. 'खरा माणूस इतका मूर्ख नसतो.'

तो रविवार मात्र मला अजून जसाच्या तसा दिसतो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मी उभी आहे, तुम्ही पाटावर बसून माझं भाषण ऐकताय, आणि ताई आमच्याकडे पाठ करून धपाटी लावतायत. भाषणाच्या मध्यावर मी एक विनोद घातला होता. कँटीनमध्ये ऐकलेला. त्यात अशा माणसांसाठी एक शब्द होता, आणि शब्दाबरोबर हाताची एक टाळी. तो शब्द मी इथं लिहीत नाही. मी तो म्हटला, टाळी वाजवली, आणि हसू येण्याची वाट बघत थांबले, कारण मैत्रिणींसमोर म्हटलं तेव्हा सगळ्या खो खो हसल्या होत्या. तुम्ही हसला नाहीत. ताईंनी गॅस बारीक केला. 'कापडं वाळली का बगून येते,' असं म्हणून त्या गच्चीवर गेल्या. तव्यावर धपाटं तसंच होतं.

तुम्ही उठून ते उलटलंत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, 'आता तो शब्द टाकून म्हण.'

'बाई, मग कुणी हसणार न्हाय,' मी म्हटलं.

'कशाला हसायला पाहिजे?'

मी म्हटलं, 'सगळेच म्हणतात की तो शब्द.'

'पहिल्या वर्षी वर्ग तुला हसला,' तुम्ही म्हणालात. 'त्यांनी खोटं काय केलं होतं? न्हाय तर तू म्हणालीच होतीस. मग टाकीमागं जाऊन रडलीस कशाला?'

तुमचा आवाज चढला नव्हता; चढला असता तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही धपाटं ताटलीत काढलंत, हात पुसलात आणि माझ्यासमोर बसलात. 'तुझं मत मी मागत नाही. ते तुझ्याजवळ ठेव. धर्माला हे मान्य नाही असं तुला वाटतं ना, मग तसं सरळ म्हण, ताठ उभं राहून म्हण. माझी काही हरकत नाही. पण त्या हॉलमध्ये दोनशे माणसं असतील. तू ज्यांच्याविषयी बोलतेस त्यांतलं कुणीतरी त्यांत बसलेलं असेल. आणि तू टाळी वाजवलीस की त्याला उठून जाताही येणार नाही, कारण उठलं तर सगळ्यांना कळेल. तो तिथं बसलाय हे धरून बोल. एवढं जमत नसेल तर नाव मागं घे.' मग माझ्या वहीतला तो शब्द तुम्ही लाल पेनानं खोडलात. नुसती रेघ मारली नाहीत, खाली काय होतं ते वाचता येणार नाही इतका गिरवलात. थोड्या वेळानं ताई आल्या. हातात ओले कपडे होते, तसेच्या तसे. त्यांनी ते खुर्चीवर टाकले आणि मला म्हणाल्या, 'बस गं खायला. निवल्यावर गोडी न्हाय ऱ्हात.' दही वाढताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी दोन धपाटी खाल्ली. मला वाटलं, बाई मला ओरडल्या म्हणून त्यांना अवघडल्यासारखं झालंय.

स्पर्धेत मी तो विनोद घातला नाही. जे वाटत होतं ते म्हटलं, माझ्या आजीनं मला काय शिकवलं ते म्हटलं, आणि ज्यांना हे पटत नाही त्यांचं म्हणणं आधी नीट मांडून मग त्याला उत्तर दिलं. टाळ्या पडल्या, पण बेताच्या. माझ्यानंतर सोलापुरातल्याच दुसऱ्या कॉलेजचा एक मुलगा आला. कायद्याच्या बाजूनं तो फार सुंदर बोलला, अजूनही मला त्यातली वाक्यं आठवतात. पण शेवटी त्यानं माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, कपाळाला राख फासून राज्यघटना वाचता येत नाही. हॉल डोक्यावर घेतला सगळ्यांनी. मी पहिल्या रांगेत बसले होते. विभूती पुसावी की तशीच ठेवावी हे मला कळेना. हात कपाळापर्यंत गेला आणि परत आला. उठून जाता येत नाही म्हणजे काय, ते मला तिथं कळलं. पहिला नंबर त्याचा आला, दुसरा माझा.

बक्षिसं झाल्यावर तुम्ही त्या मुलाकडे गेलात. मी तुमच्या मागंच होते. तुम्ही त्याला म्हणालात, 'तुझा मुद्दा बरोबर होता. राखेवर हसायची काही गरज नव्हती. न हसता जिंकला असतास.' तो ओशाळला. मग माझ्याकडे आला आणि 'सॉरी, ते बोलायला नको होतं,' म्हणाला. त्या वयात त्याला ते जमलं याचं मला आज कौतुक वाटतं. माझ्या डोक्यात मात्र तुमचं पहिलंच वाक्य अडकलं होतं. स्टँडवर एसटीची वाट बघताना मी विचारलं, 'बाई, त्याचा मुद्दा बरोबर होता म्हणालात.'

'हो.'

'मग माझं भाषण का बसवून घेतलंत?'

'तुझं तू बसवलंस,' तुम्ही म्हणालात. 'तू कुणाचा अपमान न करता तुझं म्हणणं सांगावंस, एवढंच मी बघितलं. पटायचं म्हणशील तर मला नाही पटलं.' आणि मग पिशवीतून काढून मला शेंगाची पोळी दिलीत, ताईंनी बांधून दिलेली. 'तिनं ती खास तुझ्यासाठी केलीय,' म्हणालात. गाडी आली. मी खिडकीशी बसून वळसंग येईपर्यंत ती पोळी खात होते आणि तुमच्यावर थोडी रागावलेही होते.

तुम्ही निवृत्त झालात आणि दोनच वर्षांत आजारी पडलात. मी तेव्हा एम.ए. करत होते. तुम्हाला दवाखान्यात दाखल केलं त्या सकाळी मी ताईंच्या बरोबर होते. खिडकीपलीकडच्या मुलीनं फॉर्म पुढं सरकवला. ताईंनी तुमचं नाव, वय, पत्ता लिहिला, तुमची औषधं पाठ होती ती न बघता लिहिली, आणि 'पेशंटशी नातं' या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं. जन्मभर दुसऱ्यांचे असले फॉर्म त्यांनीच भरून घेतले होते. खिडकीतली मुलगी म्हणाली, 'मावशी, बहीण का?' आवाजात काही वाईट नव्हतं, तिला पुढचा पेशंट घ्यायचा होता. ताई म्हणाल्या, 'न्हाय.' मग त्यांनी त्या रकान्यात 'शेजारीण' असं लिहिलं, फॉर्म दिला, आणि माझ्याकडे वळून बघितलं. बाई, मला त्या एका बघण्यात सगळं कळलं. बेलाची पानं, चहाचं आधण, गच्चीवरून आणलेले ओले कपडे, सगळं एकदम. आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं.

तुम्ही गेलात तेव्हा तुमचे पुतणे कोल्हापूरहून आले आणि त्यांनी सगळं रीतीप्रमाणं केलं. चांगले गृहस्थ होते. ताई गल्लीतल्या बायकांच्यात मागं उभ्या होत्या. कुणीतरी त्यांना म्हणालं, 'सिस्टर, तुम्हाला फार सोबत होती त्यांची.' त्यांनी मान हलवली.

आता यंदाचं सांगते. स्पर्धेची जबाबदारी माझ्यावर आणि इतिहासाच्या सरांवर होती. सरही तुमचेच विद्यार्थी, माझ्या आधीचे. कपाळाला बुक्का, एकादशी चुकत नाही, आणि मनात एक अन् तोंडात एक असा माणूस नव्हे. मी त्यांना म्हटलं की बाईंविषयी बोलताना ताईंचं नाव घेतल्याशिवाय मला बोलता येणार नाही. ते म्हणाले, 'मॅडम, मला माहीत आहे. आम्हा जुन्या पोरांना थोडंफार माहीत होतं. मला ते पटत नाही, माझ्या श्रद्धेत ते बसत नाही, हे तुमच्यापासून लपवणार नाही. पण बाईंना कमीपणा येईल असं माझ्या तोंडून जाणार नाही. तुम्ही कोणता शब्द वापरणार, तेवढं सांगा.' मला तोच प्रश्न पडला होता. मैत्रीण म्हणावं तर अर्धं खोटं. जोडीदार म्हणावं तर तुम्ही जन्मभर जे कुणाला सांगितलं नाहीत ते मी माईकवरून सांगायचं, तो हक्क मला कुणी दिला? सर म्हणाले, 'ज्यांच्याविषयी आहे त्यांनाच विचारा की.'

म्हणून मी ताईंकडे गेले. त्या अजून तिथंच राहतात. जिना आता त्यांना झेपत नाही, दिवसातून एकदा उतरतात. उजनीच्या काठच्या गावातनं येऊन चाळीस-पन्नास वर्षं झाली शहरात, पण बोलणं तसंच आहे. मी आडूनआडून विचारायला लागले तर म्हणाल्या, 'सरळ ईचार की. मला काय म्हनायचं, त्येच ना?'

मी म्हटलं, 'हो. नको असेल तर नावही घेणार नाही.'

त्या देवघराकडे बघत बसल्या. तुमची बेलाची पानं निवडायचा डबा तिथंच आहे. मग म्हणाल्या, 'शेजारीण म्हनू नको. त्ये मीच एकदा लिवलं, लई दिस सललं. मी सांगिटलं तर ती म्हनली, आगं, खरं काय त्ये आपल्या दोघींना ठावं हाय की, फारमाचं काय.' तुमच्याविषयी बोलताना त्यांनी 'त्या' न म्हणता 'ती' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. 'बाकी त्ये पेपरातलं काय म्हनू नको मला. त्ये वंगाळ न्हाय, पर त्ये माझं न्हाय. आमच्या गावाकडं माणूस म्हनतंय, आमच्या घरची. तसं म्हन. तिच्या घरची. कळंल त्याला कळंल, न्हाय कळलं तर न्हाय.'

स्पर्धेच्या दिवशी मी त्यांना रिक्षानं घेऊन आले आणि पहिल्या रांगेत बसवलं. माझं भाषण आठ मिनिटांचं होतं. 'तेनी'ची गोष्ट सांगितली, लाल पेनानं गिरवलेल्या शब्दाची सांगितली, शब्द सोडून. मग म्हटलं, 'बाईंच्या घरच्या आज आपल्यात आहेत. बाईंचं घर त्यांनी तीस वर्षं केलं, आणि मी पोटभर जेवले ते त्यांच्या हातचं.' संस्थेचे एक जुने पदाधिकारी मान खाली घालून कार्यक्रमपत्रिका वाचायला लागले आणि चहाला थांबले नाहीत. मागं बसलेल्या दोन मुली एकमेकींकडे बघून सरळ बसल्या. त्या का सरळ बसल्या ते मी विचारलं नाही. ताई पदर सावरून नुसत्या समोर बघत होत्या. चहाच्या वेळी इतिहासाचे सर स्वतः कप घेऊन त्यांच्याकडे गेले आणि वाकून म्हणाले, 'ताई, मी बाईंचा विद्यार्थी. साखर घातलीय, चालेल ना?' नंतर मला म्हणाले, 'मत माझं आहे तिथंच आहे, मॅडम. पण शब्द चांगला होता.' माझंही सगळं सुटलेलं नाही, बाई. लिंगपूजा मी अजून रोज करते. देवाला काय चालतं आणि काय नाही, हे मात्र त्या वयातल्यासारखं छातीठोक सांगत नाही.

हे पत्र ठेवायचं कुठं ते मला माहीत नाही. पाठवायला पत्ता नाही, आणि ताईंना वाचून दाखवायचा धीर नाही, कारण पुढचं मी त्यांनाही सांगितलेलं नाही. दवाखान्यातल्या त्या सकाळनंतर तुम्ही सतरा दिवस होतात. मी परत आले नाही. परीक्षा चालू आहे, असा निरोप मी ताईंना फोनवरून दिला होता. तुमच्यासमोर उभं राहून तोंडावर काय भाव ठेवायचा ते मला समजत नव्हतं, आणि त्या रविवारची टाळी पुन्हा पुन्हा कानात वाजत होती. परवा रिक्षात ताई सहज म्हणाल्या की शेवटी शेवटी तुम्ही रोज विचारायचात, तिचे पेपर कसे चाललेत गं, तिला उगीच बोलवून घेऊ नको.

बाई, पेपर नव्हते.